दाराला कुलूप आहे, राउटरला?

रात्रीची जेवणे आटोपली, मुले झोपली, की घरातली थोरली बाई एकदा घरभर फिरते. गॅसचे बटण बंद आहे ना, मागच्या दाराची कडी लागली ना, पाण्याची मोटर चालू तर राहिली नाही ना, हे सारे पाहूनच ती अंथरुणाला पाठ टेकते. आमच्याकडे अम्मी हे करायची, आता आपा करते. पण गेल्या काही वर्षांत आपल्या घरांना आणखी एक दार फुटले आहे आणि रात्रीच्या या फेरीत त्याकडे कुणाचेच लक्ष जात नाही. टीव्हीच्या मागे किंवा खिडकीवरच्या खिळ्याला अडकवलेली, हिरवे दिवे लुकलुकणारी ती छोटी डबी म्हणजेच हे दार. इंटरनेटवाल्याचा मुलगा ती लावून गेला, त्यानंतर तिला कुणी हात लावलेला नसतो.

हे दार उघडे राहिले तर काय होते, ते आमच्या घराने २०२३ साली अनुभवले. तो अनुभव सांगतो आणि त्यातून आम्ही जे शिकलो तेही सांगतो. यातले बरेचसे काम कोणतीही गृहिणी किंवा कॉलेजात जाणारे मूल सुट्टीच्या एका दिवसात करू शकते.

आपाच्या घरातली गोष्ट

आपाचे घर चिपळूणला. दुल्हाभाई कुवेतला नोकरीला. २२ जुलै २०२१ च्या पुरात वाशिष्ठीचे पाणी शहरात शिरले, तेव्हा आपाच्या घराचा तळमजला बुडाला. भांडीकुंडी पुन्हा घेता आली, भिंतींना रंग देता आला. पण पत्र्याच्या पेटीतले जुने अल्बम चिखलात गेले ते गेलेच. समाधान एवढेच होते की थोरल्या भाचीने त्याआधीच्या लॉकडाऊनमध्ये रिकामा वेळ होता म्हणून जवळजवळ सगळे फोटो स्कॅन करून ठेवले होते. संगणक वरच्या माळ्यावर होता म्हणून वाचला. त्यात आपाच्या निकाहचे फोटो होते, आमच्या अब्बांचे तरुणपणीचे फोटो होते, घराची कागदपत्रे होती, उमराहसाठी काढलेल्या पासपोर्टच्या प्रती होत्या. आणि अब्बांच्या आवाजाची एक ध्वनिफीत होती. इंतकालाच्या आदल्या वर्षी त्यांनी कोकणातल्या आपल्या लहानपणाच्या आठवणी सांगितल्या होत्या, त्या भाचीने मोबाइलवर टिपून घेतल्या होत्या.

पुढे २०२३ च्या मे महिन्यात धाकट्या भाच्याला शाळेच्या मित्रांसाठी व्हिडिओ बनवायचा होता. त्यासाठी लागणारे सॉफ्टवेअर विकत घेतले तर महाग, आणि एका संकेतस्थळावर तेच 'फुकट' मिळत होते. सोबत सूचना होती : 'आधी अँटीव्हायरस बंद करा, नाहीतर हे चालणार नाही.' त्याने बंद केला. दहा मिनिटांत संगणक जड झाला. मग एकेका फाइलच्या नावापुढे चार अनोळखी अक्षरे चिकटू लागली. एकही फोटो उघडेना. प्रत्येक फोल्डरमध्ये एक चिठ्ठी पडली होती : तुमच्या फाइल्सना कुलूप घातले आहे, किल्लीची किंमत ९८० डॉलर, ७२ तासांच्या आत संपर्क साधलात तर निम्मी.

मूल घाबरले. आई रागावेल म्हणून दिवसभर गप्प बसले. निदान काही तरी वाचते का पाहावे म्हणून त्याने फोटोंची दुसरी प्रत असलेला पेन ड्राइव्ह कपाटातून काढून त्याच संगणकाला लावला. काही मिनिटांत त्यालाही कुलूप लागले. रात्री त्याचा फोन आला, "मामू, अम्मीला सांगू नका, पण माझ्याकडून फार मोठी चूक झाली आहे."

आपल्या घरात कुणाला काय मिळणार?

आपा मला म्हणाली, "अरे, आम्ही काय बँकवाले आहोत? आमच्याच घरावर कुणाची नजर गेली?" बहुतेकांच्या मनात हाच प्रश्न असतो. उत्तर असे, की आपल्या घरावर कुणाची नजर गेलेली नसते. चोर गल्लीतून चालताना प्रत्येक दार ढकलून पाहतो, जे उघडेल त्यात शिरतो, तसाच हा प्रकार. फरक इतकाच की इथे दारे ढकलण्याचे काम माणूस करत नाही, प्रोग्राम करतो. तो रात्रंदिवस जगभरची लाखो दारे ढकलत असतो.

याची साक्ष २०१६ साली मिळाली. अमेरिकेतल्या तीन तरुणांनी 'मिराई' नावाचा प्रोग्राम लिहिला होता. त्यात कंपन्या कारखान्यातूनच घालून देतात त्या साठेक नाव-पासवर्डांच्या जोड्या होत्या : ॲडमिन-ॲडमिन, रूट-१२३४५६ अशा. प्रोग्राम इंटरनेटवरचे कॅमेरे आणि राउटर शोधायचा आणि या जोड्या एकामागून एक लावून पाहायचा. लोकांनी मूळ पासवर्ड बदललेलेच नव्हते, त्यामुळे लाखो उपकरणे त्याच्या ताब्यात गेली. पुढे त्याचा कोड सर्वत्र पसरला. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अशाच उपकरणांच्या फौजेने 'डीन' या कंपनीवर एकाच वेळी धडक मारली, तेव्हा ट्विटर, नेटफ्लिक्ससारखी मोठमोठी संकेतस्थळे काही तास अनेकांना उघडेनाशी झाली. या हल्ल्यात ज्यांच्या घरचे कॅमेरे वापरले गेले, त्यांना त्याची गंधवार्ताही नव्हती.

१२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' आला. सुमारे दीडशे देशांतल्या दोन लाखांहून अधिक संगणकांना त्याने कुलूप घातले. ब्रिटनमधल्या सरकारी दवाखान्यांना रुग्ण परत पाठवावे लागले. ज्या भोकातून तो शिरला, ते बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, १४ मार्चलाच दिली होती. ज्यांनी ती बसवली होती ते वाचले. 'अपडेट नंतर करा' हे बटण दाबत राहिलेले अनेक जण सापडले.

एक जुनी घटना, जी विसरू नये

वाय-फाय उघडे ठेवल्याने पैसे किंवा फोटो जातात एवढेच नाही. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोटांची मालिका झाली. त्याच्या काही मिनिटे आधी वृत्तसंस्थांना एक धमकीचा ई-मेल गेला होता. तपास यंत्रणांनी त्याचा माग काढला, तेव्हा पत्ता निघाला नवी मुंबईतल्या एका सोसायटीतला. तिथे एक अमेरिकन गृहस्थ राहत होता. पोलिस त्याच्या घरी पोहोचले, त्याचे संगणक तपासले गेले, चौकशी झाली, वर्तमानपत्रांत नाव गाजले. त्याचे वाय-फाय दुसऱ्याच कुणी तरी वापरले होते, असे पुढे स्पष्ट झाले. त्याच वर्षी अशाच ई-मेलसाठी माटुंग्याच्या एका महाविद्यालयाचे आणि चेंबूरच्या एका कंपनीचे वाय-फाय वापरले गेले.

प्रत्येक इंटरनेट जोडणीला एक आयपी पत्ता असतो. आपल्या वाय-फायवरून कुणीही काहीही केले, तरी बाहेरून दिसतो तो आपल्याच घराचा पत्ता. दाराशी आलेल्या पोलिसांना 'ते आम्ही नाही केले' हे सांगायची वेळ कुणावर येऊ नये. निर्दोष सुटणे आणि चौकशीच्या फेऱ्यात न सापडणे, या दोहोंतले अंतर आपल्या वाचकांना वेगळे समजावून सांगायला नको.

आपाचा संगणक पाहून झाल्यावर मी तिचा राउटर तपासला. त्याचा मूळ पासवर्ड डबीच्या मागच्या स्टिकरवर होता तोच होता. वाय-फायचा पासवर्ड म्हणजे दुल्हाभाईंचा मोबाइल नंबर, जो अख्ख्या मोहल्ल्याला पाठ. घरात मोबाइल, टीव्ही आणि संगणक धरून सहा उपकरणे, आणि राउटरच्या यादीत जोडलेली दिसली चौदा! आपा म्हणाली, "शेजारच्या मुलांना परीक्षेच्या वेळी दिला होता. नाही कसे म्हणणार?" शेजारधर्म खरा, पण त्या मुलांनी पुढे किती जणांना दिला, हे तिला तरी कुठे ठाऊक होते?

पहिले काम : राउटर

राउटरशी जोडलेल्या संगणकावर किंवा मोबाइलवर ब्राउझर उघडा आणि पत्त्याच्या जागी इंग्रजी आकड्यांत १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ लिहा. नेमका पत्ता डबीच्या मागच्या स्टिकरवर असतो. नाव-पासवर्ड विचारला जाईल, तोही तिथेच छापलेला असतो. आत गेल्यावर पुढील गोष्टी करा.

१) राउटरचा पासवर्ड बदला. इथे अनेकांचा गोंधळ होतो. वाय-फायचा पासवर्ड वेगळा आणि राउटरच्या सेटिंगमध्ये शिरण्याचा पासवर्ड वेगळा. पहिला म्हणजे घरात येण्याची किल्ली, दुसरा म्हणजे कुलपेच बदलण्याचा अधिकार. दोन्ही बदलायला हवेत आणि दोन्ही निरनिराळे हवेत.

२) वाय-फायच्या सुरक्षेत 'डब्ल्यूपीए-३' असेल तर ती निवडा. नसेल तर 'डब्ल्यूपीए-२' आणि त्यात 'एईएस'. जुनी 'डब्ल्यूईपी' पद्धत २००१ सालीच मोडीत निघाली आहे, आज ती काही मिनिटांत फोडता येते. राउटरमध्ये तेवढीच सोय असेल, तर राउटर बदलण्याची वेळ झाली असे समजा.

३) पासवर्ड लांब ठेवा. तो अवघड असण्यापेक्षा लांब असणे जास्त उपयोगाचे. मोबाइल नंबर, मुलांची नावे, जन्मसाल, गावाचे नाव नको. एकमेकांशी काही संबंध नसलेले चार शब्द जोडा : कोकम, रेल्वे, सुई, ढग असे. हे चार शब्द इंग्रजी अक्षरांत लिहून मध्ये एखादा आकडा घातला, की आपल्याला लक्षात राहतो आणि यंत्राला अंदाज करणे जड जाते. (इथे छापलेले शब्द मात्र वापरू नका!)

४) 'डब्ल्यूपीएस' बंद करा. बटण दाबून किंवा आठ आकडी पिन टाकून जोडण्याची ही सोय. ती पिन राउटर दोन तुकड्यांत तपासतो, त्यामुळे कोट्यवधी शक्यतांऐवजी फक्त ११,००० प्रयत्नांत ती सापडू शकते, हे २०११ मध्ये उघड झाले. वाय-फायचा पासवर्ड कितीही लांब असला तरी हे मागचे दार उघडे राहिले तर उपयोग नाही.

५) 'रिमोट मॅनेजमेंट' बंद करा. घराबाहेरून राउटरच्या सेटिंगमध्ये शिरण्याची ही सोय घरगुती वापरात सहसा लागत नाही. 'यूपीएनपी' नावाची सोयही गरज नसेल तर बंद ठेवा. घरातले कोणतेही उपकरण आपल्याला न विचारता बाहेरचे दार उघडू शकते, ते या सोयीमुळे.

६) 'फर्मवेअर अपडेट' पाहा. राउटरच्या आतही एक छोटा संगणकच असतो आणि त्यालाही दुरुस्त्या लागतात. २०१८ मध्ये 'व्हीपीएनफिल्टर' नावाच्या प्रोग्रामने ५४ देशांतली निदान पाच लाख उपकरणे ग्रासली होती. त्यातले बहुतेक घरांतले आणि छोट्या दुकानांतले राउटर होते. तेव्हा अमेरिकेच्या एफबीआयने लोकांना राउटर एकदा बंद करून चालू करण्याचे जाहीर आवाहन केले होते.

७) पाहुण्यांसाठी वेगळे वाय-फाय करा. बहुतेक नव्या राउटरांत 'गेस्ट नेटवर्क' असते. ते चालू करून त्याचा पासवर्ड वेगळा ठेवा. शेजारच्या मुलाला परीक्षेपुरता द्यायचा असेल तर हाच द्या आणि परीक्षा संपली की बदला. कुणाला नाहीही म्हणावे लागत नाही आणि आपला संगणकही वेगळा राहतो. स्मार्ट टीव्ही आणि कॅमेरेही याच जाळ्यावर ठेवा.

कॅमेऱ्याबद्दल दोन शब्द

घरातले पुरुष आखातात, म्हणून दाराशी कॅमेरा लावण्याची पद्धत कोकणातल्या घरांत वाढली आहे. त्यात गैर काही नाही. पण स्वस्तातल्या अनेक कॅमेऱ्यांचे चित्र कंपनीच्या दूरच्या संगणकावरून फिरून मोबाइलवर येते. पासवर्ड मूळचाच राहिला, तर ते चित्र परक्याच्याही डोळ्यांपुढे जाऊ शकते. म्हणून कॅमेरा दाराकडे, अंगणाकडे, गल्लीकडे तोंड करून लावा. घरातल्या स्त्रिया, मुली जिथे मोकळेपणी वावरतात त्या खोलीत तो नकोच. मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर, वापर नसताना, कागदाची पट्टी चिकटवली तरी चालते. साधा उपाय आहे, पण खात्रीचा.

दुसरे काम : संगणक

अपडेट टाळू नका. संगणक 'पुन्हा सुरू करायचा का' असे विचारतो, तेव्हा चहा प्यायला उठा आणि त्याला त्याचे काम करू द्या. विंडोज ७ ला मिळणाऱ्या दुरुस्त्या १४ जानेवारी २०२० रोजी थांबल्या, विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. अशा संगणकावर बँकेचे व्यवहार करणे म्हणजे कडी मोडलेल्या कपाटात दागिने ठेवणे.

चोरीचे सॉफ्टवेअर घरात आणू नका. आपाच्या घरी जे आले त्याचे नाव 'स्टॉप' किंवा 'डीजेव्हीयू'. हे कुलूप घालणाऱ्या प्रोग्रामांचे एक कुटुंबच आहे. ते मुख्यतः अशा फुकट 'क्रॅक'मधूनच पसरते आणि सोबत बहुधा पासवर्ड चोरणारा साथीदारही आणते. चित्रे, व्हिडिओ, हिशेब, पत्रलेखन यांसाठी खरोखर मोफत असलेली सॉफ्टवेअर उपलब्ध आहेत : 'लिबरऑफिस', 'गिम्प', 'व्हीएलसी'. ती त्यांच्या मूळ संकेतस्थळावरूनच घ्या. 'आधी अँटीव्हायरस बंद करा' असे सांगणारा कुणीही आपला हितचिंतक नसतो, एवढे मुलांच्या मनावर ठसवा. विंडोजमध्ये मूळचाच असलेला 'डिफेंडर' आणि 'फायरवॉल' चालू ठेवले, तर घरगुती वापराला सहसा पुरेसे होतात.

मुलांचे खाते वेगळे ठेवा. विंडोजमध्ये एक 'ॲडमिनिस्ट्रेटर' खाते करून त्याचा पासवर्ड थोरल्यांपाशी ठेवा. रोजच्या वापरासाठी सगळ्यांना 'स्टँडर्ड' खाते द्या. मग नवे काही बसवताना संगणक थोरल्यांचा पासवर्ड मागेल. तेवढ्या एका क्षणाच्या थांबण्याने पुष्कळ अनर्थ टळतात.

एकच पासवर्ड सगळीकडे नको. एका दुकानाच्या संकेतस्थळावरून पासवर्ड चोरीला गेला, की चोर तोच ई-मेलला आणि बँकेला लावून पाहतात. ई-मेलचा पासवर्ड सर्वांत जपायचा, कारण बाकी सगळे पासवर्ड बदलण्याचा रस्ता ई-मेलमधूनच जातो. लक्षात राहत नसतील तर वहीत लिहा आणि ती वही कपाटात ठेवा. चार ठिकाणी एकच सोपा पासवर्ड ठेवण्यापेक्षा हे किती तरी बरे. जिथे सोय असेल तिथे दोन टप्प्यांची तपासणी चालू करा. आपाच्या संगणकातून पासवर्ड चोरीला गेले होते. दुसऱ्याच रात्री तिच्या ई-मेलमध्ये परगावाहून शिरण्याचा प्रयत्न झाला. दुसऱ्या टप्प्याचा आकडा तिच्या मोबाइलवर आला, म्हणून ते खाते वाचले.

फोनवरच्या गोड बोलण्यापासून जपा. सगळी कुलुपे मजबूत असली आणि दार आपणच उघडून दिले, तर काय उपयोग? 'आज रात्री साडेनऊला तुमची वीज कापली जाईल, या नंबरवर फोन करा' हा संदेश महाराष्ट्रात किती तरी जणांना आला आहे. फोन केला की पलीकडचा माणूस एखादे ॲप उतरवायला लावतो आणि त्यातून आपला पडदा त्याला दिसू लागतो. हल्ली व्हॉट्सॲपवर लग्नाची पत्रिका म्हणून 'एपीके' फाइल येते. पत्रिका चित्र किंवा पीडीएफ असते, एपीके हे ॲप असते. ते उघडू नका. आणि लक्षात ठेवा, यूपीआयची पिन पैसे पाठवण्यासाठी लागते, पैसे घेण्यासाठी कधीच लागत नाही.

तिसरे काम : दुसरी प्रत, तिसरी प्रत

जाणकार एक साधा हिशेब सांगतात : तीन, दोन, एक. महत्त्वाच्या गोष्टींच्या तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक घराबाहेर. पुराने आपाला 'घराबाहेर' या शब्दाचा अर्थ शिकवला होता, पण घाईगर्दीत तो राहून गेला. पेन ड्राइव्हने आणखी एक गोष्ट शिकवली. प्रत संगणकाला जोडलेली असेल तर ती प्रत नव्हे, कारण संगणकाचे जे होईल तेच तिचेही होते. म्हणून बाहेरची हार्ड डिस्क महिन्यातून एकदा जोडायची, फाइल्स उतरवायच्या आणि काढून कपाटात ठेवायची. दुसरी एखाद्या नातेवाइकाच्या घरी किंवा क्लाउडवर. पासपोर्ट, आधार यांच्या प्रती क्लाउडवर ठेवायच्या असतील, तर फाइलला पासवर्ड घालूनच ठेवा.

घात झालाच तर

सर्वप्रथम राउटरची वायर काढा, वाय-फाय बंद करा. दुसरा कोणताही पेन ड्राइव्ह किंवा डिस्क त्या संगणकाला लावू नका. पडद्याचा आणि चिठ्ठीचा मोबाइलने फोटो घ्या. सगळे पासवर्ड दुसऱ्या, चांगल्या उपकरणावरून बदला. खंडणी देऊ नका. पैसे देऊन किल्ली मिळेलच याची हमी नसते आणि त्याच पैशांवर पुढचे घर फुटते. 'नो मोअर रॅन्सम' नावाचे एक संकेतस्थळ युरोपोल आणि नेदरलँड्सच्या पोलिसांनी काही कंपन्यांसोबत जुलै २०१६ मध्ये सुरू केले. काही प्रकारच्या कुलपांच्या किल्ल्या तिथे मोफत मिळतात. भारत सरकारच्या 'सायबर स्वच्छता केंद्रा'कडेही संगणक साफ करण्याची मोफत साधने आहेत. ज्या फाइल्स आज उघडत नाहीत त्या पुसू नका, वेगळ्या डिस्कवर ठेवा. कधी कधी किल्ली दोन-चार वर्षांनी सापडते.

पैसे गेले असतील तर एक मिनिटही न दवडता १९३० हा क्रमांक लावा आणि बँकेलाही कळवा. लवकर कळवले तर पैसे पुढच्या खात्यात अडकवता येण्याची शक्यता असते. इतर तक्रारींसाठी राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टल आहे, शिवाय जवळचे पोलिस ठाणे. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ६६-सी नुसार दुसऱ्याचा पासवर्ड किंवा ओळख चोरून वापरणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. लाज वाटून गप्प बसणे हेच चोरांचे सर्वांत मोठे भांडवल आहे.

आणि मुलांना रागावू नका. भाच्याने पहिल्या दहा मिनिटांत सांगितले असते तर पेन ड्राइव्ह वाचला असता. त्याने का सांगितले नाही, याचा विचार आम्ही थोरल्यांनी केला पाहिजे. आता आपाच्या घरात एक नियम आहे : संगणकावर किंवा मोबाइलवर काही विपरीत दिसले तर लगेच सांगायचे, सांगणाऱ्याला कुणी बोलणार नाही.

आपाच्या फाइल्सचे काय झाले? तिच्या कुलपाची मोफत किल्ली मिळाली नाही. फोटो बहुतेक गेले. दुल्हाभाईंच्या मोबाइलमध्ये वेळोवेळी पाठवलेले शंभरेक सापडले, आकाराने लहान, पण सापडले. अब्बांच्या ध्वनिफितीच्या बाबतीत मात्र नशीब थोडे बरे होते. डीजेव्हीयू घाईत असतो, प्रत्येक फाइलचा सुरुवातीचा सुमारे दीडशे केबीचा भागच तो बिघडवतो. फोटोचा त्यात जीव जातो, पण आवाजाच्या फाइलचा पुढचा भाग शाबूत असतो आणि दुरुस्तीच्या साधनाने तो ऐकण्याजोगा करता येतो. अब्बांची चाळीस मिनिटे परत मिळाली. गेले ते सुरुवातीचे नऊ-दहा सेकंद. त्यांत अब्बांनी सलाम केला होता आणि नातीला नावाने हाक मारली होती.

आता त्या ध्वनिफितीच्या तीन प्रती आहेत. एक आपाच्या कपाटात, एक माझ्याकडे पुण्यात, एक कुवेतला. आणि रात्रीच्या फेरीत आपा गॅस आणि कडी पाहून झाली, की भाच्याला विचारते, "जोडलेली किती आहेत?" तो मोबाइलवर राउटरची यादी उघडतो, मोजतो आणि सांगतो, "सहाच आहेत, अम्मी." मग दिवा बंद होतो.

या महिन्यात एवढे तरी करा :
• राउटरचा आणि वाय-फायचा, दोन्ही पासवर्ड बदला.
• राउटरच्या यादीत किती उपकरणे आहेत ती मोजा.
• डब्ल्यूपीएस आणि रिमोट मॅनेजमेंट बंद करा.
• संगणकाचे आणि मोबाइलचे राहिलेले अपडेट पुरे करा.
• ई-मेलला दोन टप्प्यांची तपासणी लावा.
• घरातल्या फोटोंची आणि कागदपत्रांची एक प्रत घराबाहेर ठेवा.
• १९३० हा क्रमांक घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये नोंदवा.